बॉलचा ‘बॉन’ का होतो

थायलंडमधील शाळेचे नेमणूकपत्र आले त्या दिवशी आई दळून आणलेली हळद डब्यात भरत होती. पत्रातला मजकूर मी तिला मराठीत सांगितला, तेव्हा तिने हात न थांबवता एकच प्रश्न विचारला, ‘‘इंग्रजी शिकवायला तिकडं इंग्रज मिळत नाहीत होय?’’ प्रश्न चुकीचा नव्हता. मी सांगलीच्या गावभागात वाढले, मराठी शाळेत शिकले आणि माझ्या पिढीच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजीची पहिली अक्षरे पाचवीत गिरवली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली, तेव्हा मी कॉलेजात होते. विलिंग्डन महाविद्यालयातून इंग्रजी घेऊन पदवी, पुढे बी.एड. आणि मग एका विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षे इंग्रजीचे तास, एवढीच माझी शिदोरी होती. त्या अकरा वर्षांत मी वर्गातील एकाही मुलाशी सलग दोन मिनिटे इंग्रजीत बोलले नव्हते, ही गोष्ट मला परक्या देशातल्या वर्गात उभे राहिल्यावर उमगली.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळून कोणी तिथे पोहोचत नाही. पदवीची प्रमाणपत्रे राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि थायलंडचा दूतावास अशा तीन शिक्क्यांखालून न्यावी लागली. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, वैद्यकीय तपासणी, १२० तासांचा इंग्रजी अध्यापनाचा अभ्यासक्रम, आणि मातृभाषा इंग्रजी नसल्यामुळे पुण्याला जाऊन दिलेली आयईएलटीएस परीक्षा, हे सगळे त्यात आले. ज्या एजन्सीमार्फत नोकरी ठरली होती, तिने मला मे महिन्यात कळवले की, पर्यटक व्हिसावर या, शाळा सुरू होते आहे, बाकीचे इथे आल्यावर पाहू. पर्यटक व्हिसावर शिकवणे हा तिथे गुन्हा आहे आणि पकडले जाण्याची वेळ येते ती शिक्षकावर. हे मी आधी वाचून ठेवले होते म्हणून वाचले. मी नकार दिला, नोकरीसाठीचा ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा मिळेपर्यंत सांगलीत थांबले आणि मेच्या मध्याला सुरू झालेल्या सत्रात जुलै २०१८ मध्ये रुजू झाले. या उशिराचा पगार एजन्सीने कापला तो कापलाच. त्यानंतर कामाचा परवाना आला, शिक्षक परिषदेची तात्पुरती अनुमती आली आणि दर ९० दिवसांनी इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन आपला पत्ता कळवण्याचा नेम सुरू झाला. त्या शिक्षक परिषदेचे थाई नाव ‘खुरुसफा’ आहे, हे कळल्यावर मला तो कागद हातात घेऊन एकटीलाच हसू आले, कारण ती आपली गुरुसभाच होती.

माझी शाळा कांचनाबुरी प्रांतातील एका लहान गावात होती. कांचनाबुरी म्हणजे कांचनपुरी. रस्त्याच्या दुतर्फा ऊस आणि डिसेंबर उजाडला की कारखान्याकडे जाणाऱ्या, उसाने वाकलेल्या ट्रकांची रांग, हे पाहून आपण इस्लामपूर-आष्ट्याच्या रस्त्यावर आहोत असे वाटावे. फरक एवढाच की तिथे तोडणीआधी फड पेटवून देण्याची रीत तेव्हा फार होती आणि त्या काळ्या काजळीचे तुकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसत.

शाळेत मला आठवड्याला २२ तास होते. इयत्तांना तिथे ‘प्रथोम’ आणि ‘मत्थयोम’ म्हणतात, म्हणजे प्रथम आणि मध्यम. मला प्रथम चौथी ते सहावीच्या तुकड्या मिळाल्या होत्या. एका वर्गात ४० ते ४५ मुले. सकाळी आठला राष्ट्रगीत, मग प्रार्थना, मग बूट बाहेर काढून वर्गात. फळ्यावर तारीख लिहिताना मुलांचा पहिला आक्षेप सालावर आला, कारण त्यांच्या बुद्ध संवतानुसार ते २५६१ होते. मी वर्गात पाय टाकताच सगळा वर्ग उभा राहून एका चालीत म्हणे, ‘‘गुड मॉर्निंग टीचर, हाउ आर यू?’’ आणि मी उत्तर देऊन तोच प्रश्न उलट विचारला की, ‘‘आयॅम फाइन, थँक यू, अँड यू?’’ त्यातले एखादे मूल तापाने फणफणलेले असले तरी ते फाइनच असे. मला ही चाल ओळखीची होती. सांगलीतली माझी मुलेही ‘गुड मॉर्निंग टीचर’ असेच लांबवत म्हणायची आणि त्यानंतर पस्तीस मिनिटे इंग्रजीचा तास मराठीत चालायचा.

पहिल्याच आठवड्यात हजेरी घेताना माझी फजिती झाली. थाई मुलांना कागदावरचे लांबलचक नाव असते आणि घरादारात वापरायचे टोपणनाव वेगळे असते. आपल्याकडे पिंट्या-बंड्या असतात तशी तिकडे आइस, बँक, गोल्फ, बेंझ अशी नावे सर्रास आढळतात. चौथीतल्या एका मुलाने आपले नाव ‘बॉन’ सांगितले. मी वहीत ‘बॉन’ लिहिले आणि दोन आठवडे त्याला त्याच नावाने हाक मारली. मग एकदा त्याच्या वहीच्या वेष्टनावर मला इंग्रजीत ‘बॉल’ लिहिलेले दिसले. मी त्याला म्हटले, ‘‘तू बॉल आहेस?’’ तो म्हणाला, ‘‘येस टीचर, बॉन.’’ मी पुन्हा सावकाश म्हटले, ‘‘बॉल.’’ तो अगदी मनापासून म्हणाला, ‘‘बॉन.’’ आम्ही असे सहा-सात वेळा केले, वर्ग हसू लागला आणि मुलाचा चेहरा पडला. अकरा वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडातून त्या वेळी जे निघाले असते ते ‘लक्ष दे’ असे निघाले असते. थाई येत नव्हते म्हणून ते निघाले नाही, याबद्दल मी आजही समाधानी आहे.

त्याचे कारण मला चार महिन्यांनी सापडले, तेही इंग्रजीच्या पुस्तकात नव्हे. बाजारातल्या पाट्या वाचता याव्यात म्हणून मी थाई लिपी शिकू लागले होते. या लिपीची मुळे ब्राह्मीत आहेत, वर्णमाला आपल्यासारखीच कवर्गापासून सुरू होते आणि संस्कृत-पालीतून गेलेले शब्द त्यांनी मूळ अक्षरे जपून लिहिलेले आहेत. उच्चार मात्र त्यांच्या जिभेच्या नियमाने होतो. ‘फल’ हा शब्द ते ल लिहून ‘फोन’ असा वाचतात. ‘रस’ लिहितात आणि ‘रोत’ म्हणतात. ‘आकाश’ हा त्यांचा हवामानासाठीचा शब्द आहे, तो लिहितात ‘श’ने आणि म्हणतात ‘आकात’. प्रदेशाचा ‘प्रथेत’ होतो. त्यांच्या दिवंगत राजाचे नाव अक्षरांनुसार भूमिबल आहे आणि सगळा देश ते ‘फूमिफोन’ असे उच्चारतो. थाई शब्दाच्या शेवटी ल आला की त्याचा न होतो आणि स किंवा श आला की त्याचा अर्धवट दाबलेला त होतो, हा त्या भाषेचा पक्का नियम आहे. ज्या भाषेने राजाच्या नावातल्या ‘बल’चा ‘फोन’ केला, तिने चौथीतल्या मुलाच्या बॉलचा ‘बॉन’ केला तर त्यात मुलाचे दुर्लक्ष कुठे आले? मुलांच्या वह्यांत इंग्रजी शब्दांखाली थाई अक्षरांत उच्चार लिहिलेले असत, जसे आम्ही पाचवीत इंग्रजी शब्दांखाली देवनागरीत लिहायचो आणि बाईंचा ओरडा खायचो. आता ते मला वाचता येऊ लागले. मूल चूक कुठे करणार, हे ते बोलण्याआधीच मला वहीत दिसू लागले.

त्यानंतर मी शब्दाच्या शेवटापासून शिकवू लागले. आधी नुसता ‘ल’, जीभ वरच्या दातांमागे टेकवून ठेवायची आणि काढायचीच नाही; मग ‘ऑल’, मग ‘बॉल’. नाक चिमटीत धरून म्हणायला लावले की ‘न’ अडतो आणि ‘ल’ अडत नाही, ही युक्ती मुलांना फार आवडली आणि आठवडाभर शाळेच्या पटांगणात मुले नाक धरून फिरत होती. बॉलला ‘बॉल’ जमायला सत्र संपत आले. धावत येऊन नाव सांगताना तो तेव्हाही ‘बॉन’च म्हणायचा, आणि मी ते दुरुस्त करत नसे.

माझी स्वतःचीही झडती झाली. थाईत इंग्रजी ‘व्ही’चा आवाज नाही, तिथे ‘डब्ल्यू’ येतो. म्हणून मी एकदा सहावीच्या वर्गात ‘व्हेरी’ हा शब्द दहा वेळा घोटून घेतला. मागच्या बाकावर सहकारी फिलिपिनो शिक्षिका बसली होती. तास संपल्यावर ती अतिशय अदबीने म्हणाली की, मुले तुमची नक्कल बरोबर करत आहेत, पण तुम्हीच ‘डब्ल्यू’ म्हणता आहात. मला राग आला. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले तेव्हा पटले. आपण मराठीत ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ असा भेद लिहिताना काटेकोर पाळतो, पण ‘व्ह’ म्हणताना फक्त श्वास जास्त सोडतो. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासत सोडणे, ही जी इंग्रजीची मागणी आहे, ती माझ्या तोंडाने कधी पुरवलीच नव्हती. बी.ए.ला इंग्रजी, बी.एड.ला इंग्रजी आणि अकरा वर्षे अध्यापन, पण हे कोणी सांगितले नव्हते, कारण सांगणाऱ्यांचेही तेच होत असावे. पुढच्या तासाला मी मुलांना सरळ सांगितले की टीचरलाही हे येत नाही, आणि आरसा वर्गात घेऊन गेले. आम्ही सगळ्यांनी मिळून ओठ चावले.

या ठिकाणी पगाराचे सांगायला हवे. मला महिन्याला २५,००० बाट मिळत; तेव्हा एक बाट म्हणजे साधारण दोन रुपये होते, आणि सांगलीतल्या माझ्या पगाराशी तुलना केली तर ही रक्कम मोठीच होती. पण त्याच शाळेत पूर्व युरोपातून आलेला एक तरुण होता, त्याचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती, अध्यापनाची पदवी नव्हती, आणि त्याला ३३,००० मिळत. एजन्सीच्या बाईंना विचारले तर त्या हसून म्हणाल्या की, पालकांना तसा चेहरा आवडतो. तो मुलगा स्वभावाने चांगला होता आणि माझ्याकडून धड्यांची टाचणे मागून नेत असे. मी ती देत असे, पण ते आठ हजार बाट मला टोचत राहिले, हे खोटे कशाला बोलावे?

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मी पहिल्यांदा ‘वाय ख्रू’ पाहिला. ‘वाय’ म्हणजे वंदन, ‘ख्रू’ म्हणजे गुरू. या सोहळ्याच्या गुरुवारी मुले तबकात फुलांची रचना घेऊन शिक्षकांपुढे गुडघ्यांवर येतात, आणि परंपरेने त्या तबकात चार गोष्टी असतात: टोकदार कळ्यांची खेमची फुले म्हणजे तल्लख बुद्धी, भराभर पसरणारे गवत, शिस्तीच्या लाह्या आणि खाली मान घालून उमलणारे वांग्याचे फूल म्हणजे नम्रता. खेम म्हणजे आपले रुक्मिणीचे फूल (इक्झोरा), आणि ते गवत म्हणजे दूर्वा. सांगलीच्या गणपतीपुढे आयुष्यभर ज्या जुड्या वाहिल्या, ती दूर्वा कोणी आपल्याच हातात आणून देते आहे, हे पाहून मला क्षणभर काय करावे ते सुचले नाही.

मुलांच्या वर्गाइतकेच मला प्रौढांच्या वर्गाने शिकवले. कामाच्या परवान्यात हॉटेलचे नाव घालून घेऊन मी मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी नदीकाठच्या एका हॉटेलातील अकरा कर्मचाऱ्यांना शिकवू लागले. स्वागतकक्षातली मुलगी, दोन स्वयंपाकिणी, खोल्या झाडणाऱ्या बायका, नावाडी आणि रात्रीचा पहारेकरी असा तो वर्ग होता. ते मला ‘आचान’ म्हणत, म्हणजे आचार्य. मंगळवारला त्यांच्याकडे ‘वान अंगखान’ म्हणतात, त्यात आपला अंगारक दडलेला आहे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते मान डोलावून गप्प राहिले. इंग्रजीच्या तासाला संस्कृत कशाला, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. ती नदी दुसऱ्या महायुद्धातील जपान्यांच्या रेल्वेमुळे आणि तिच्यावरील पुलामुळे जगभर ओळखली जाते. तिचे नाव ‘ख्वॅ’च्या जवळ जाणारे आहे, पण पर्यटक ते ‘क्वाय’ म्हणतात आणि थाईत ‘ख्वाय’ म्हणजे म्हैस. रोज दहा गोऱ्या माणसांना म्हशीचा पूल दाखवायचा, हा त्या नावाड्याचा आवडता विनोद होता.

मालकाने दिलेल्या पुस्तकाचा पहिला धडा क्रियापदांच्या काळांचा होता. मी तो प्रामाणिकपणे शिकवला. वर्तमान, भूत, भविष्य, तक्ते, रिकाम्या जागा. थाईत क्रियापद काळानुसार बदलत नाही; काल, उद्या, झाले असे शब्द जोडून काम भागते. अकरा जण तक्ता वहीत सुबक उतरवून घेत आणि तोंड उघडत नसत. प्रश्न विचारला की सगळे हसून स्वागतकक्षातल्या मुलीकडे पाहत. हे तीन महिने चालले आणि मी त्यांना लाजाळू समजत राहिले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली होता, आईला शेजाऱ्यांनी वेळेवर मिरजेला मावशीकडे पोहोचवले होते, पण तिचा फोन बंद पडला होता आणि मला दीड दिवस यातले काहीच ठाऊक नव्हते. त्या गुरुवारी, ८ तारखेला, मी वर्गावर गेले ती केवळ खोलीत बसवत नव्हते म्हणून. फळ्यावर भूतकाळाचा तक्ता लिहिताना माझा फोन वाजला, मी धावत जाऊन पाहिला, तो दुसऱ्याच कोणाचा होता. मी परत येऊन खडू उचलला. तेव्हा स्वयंपाकिणींपैकी मोठी, जी तीन महिन्यांत आदराने म्हटलेल्या ‘येस खा’पलीकडे एक अक्षर बोलली नव्हती, ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘आचान. होम, वॉटर? मदर, व्हेअर?’’

मी म्हटले, मला माहीत नाही. मग नावाडी बोलला, पहारेकरी बोलला. किती पाणी, घर किती मजली, भाऊ आहे का, फोन का नाही. एकाही वाक्यात क्रियापद धड नव्हते आणि मला प्रत्येक वाक्य कळत होते. २०११ साली त्यांच्या देशात मोठा पूर आला होता. पहारेकऱ्याची बहीण तेव्हा अयुथ्थयाला होती, ती छपरावर कशी राहिली हे त्याने हातवारे आणि पंधरा-वीस इंग्रजी शब्द यांच्या बळावर सांगितले. तक्ता फळ्यावर तसाच राहिला. चारच दिवसांनी, १२ तारखेला, त्यांचा मातृदिन होता; त्यानिमित्त शाळेत मुले आईच्या पायांशी बसतात आणि तिला मोगऱ्याची फुले देतात. आईचा आवाज मी शुक्रवारी सकाळी ऐकला, आणि मातृदिनाच्या संध्याकाळी त्या स्वयंपाकीणबाई माझ्या खोलीवर मोगऱ्याचा गजरा ठेवून गेल्या. चिठ्ठी होती. ‘फॉर मदर. सेंड पिक्चर.’

त्या आठवड्यानंतर मी पुस्तक मालकाला परत दिले. प्रत्येकाला विचारले की, कालच्या दिवसात इंग्रजीत काय बोलायचे होते आणि बोलता आले नाही? उत्तरे थाईत आली आणि स्वागतकक्षातल्या मुलीने ती फळ्यावर लिहिली. नावाड्याला हवे होते, ‘मध्ये बसा, नाहीतर होडी कलंडेल.’ खोल्या झाडणाऱ्या बाईंना हवे होते, ‘तुमचे पैसे उशीखाली राहिले होते, मी हात लावलेला नाही.’ पुढचे सात महिने आमचा अभ्यासक्रम त्या फळ्यावरून निघाला. पाहुण्याला नकार कसा द्यायचा यावर एक अख्खा महिना गेला, कारण थाई माणसाला नाही म्हणणे मराठी माणसापेक्षाही जड जाते. वाक्याच्या शेवटी ‘खा’ किंवा ‘ख्राप’ हा आदराचा शब्द ते इंग्रजीतही जोडत, तो मी तसाच राहू दिला. काळांचे तक्ते पुढे आले, पण कोणी विचारले तेव्हा आले.

मार्च २०२० मध्ये सत्र संपले, करार संपला आणि विमाने बंद होण्याच्या पंधरा दिवस आधी मी सांगलीला पोहोचले. आता घराच्या वरच्या मजल्यावर माझा संध्याकाळचा वर्ग चालतो. मिरजेच्या रुग्णालयांतल्या परिचारिका येतात, हळदीच्या पेढीवरचे एक गृहस्थ येतात, आठवी-नववीची मुले येतात. व्हीसाठी आरसा ठेवलेला आहे. पालकांची तक्रार असते की वहीत काही दिसत नाही, आणि मुलांना परीक्षा द्यायची असते म्हणून मी थोडे वहीतही देते.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढले. आम्ही या वेळी आदल्या रात्रीच सामान वर नेऊन मिरज गाठली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर कांचनाबुरीहून आवाजाचा निरोप आला. बाईंचा आवाज मी लगेच ओळखला. ‘‘आचान. होम, वॉटर? मदर, व्हेअर?’’ मी उत्तर टाइप करू लागले, तेवढ्यात आईने फोन मागून घेतला. बटण कुठले दाबायचे ते विचारले, ते दाबून धरले, आणि पुण्यामुंबईच्या नातेवाइकांशी बोलताना करते तसा आवाज चढवून म्हणाली, ‘‘वॉटर, होम. मदर, मिरज. ओके? जेवलात का तुम्ही?’’